घरचं हवामान केंद्र करायला घेतलं आणि निम्मा वेळ पावसाच्या नरसाळ्यानेच खाल्ला

घरी हवामान केंद्र बनवलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, बोर्ड कुठला वापरलास? बोर्ड म्हणजे सेन्सर वाचून आकडे वायफायने पाठवणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर, मी ईएसपी३२ वापरला, पण खरं सांगू का, बोर्ड कुठलाही चालतो, त्या भागात आता काही दम राहिलेला नाही, नेटवर तयार कोड मिळतो, तो चढवला की संध्याकाळपर्यंत मोबाईलवर तापमान दिसायला लागतं आणि आपण खूश. तो दिसणारा आकडा खरा आहे का ही पुढची गोष्ट, आणि माझा सगळा वेळ तिथे गेला. त्यातही पाऊस. कोकणात हवामान केंद्र करायचं आणि पाऊस नीट मोजायचा नाही म्हणजे मग करायचंच कशाला.

आमचं गाव लांजा तालुक्यात, वाडी डोंगराच्या पायथ्याला. मी नोकरीला पुण्यात, आईबाबा गावी. पेपरात तालुक्याचा आकडा येतो तो आमच्या कामाचा नाही, कारण तिकडे लख्ख ऊन पडलेलं असतं आणि आमच्याकडे पागोळ्या चालू असतात, किंवा बरोब्बर उलट. सरकारचं महावेध म्हणून हवामान केंद्रांचं जाळं आहे, त्यात महसूल मंडळाला एक केंद्र असतं, त्याचा आकडाही मी बघतो, पण मंडळ म्हणजे कितीतरी गावं, डोंगराच्या अलीकडे नि पलीकडे पाऊस सारखा थोडाच पडतो. तयार वायरलेस केंद्र विकत मिळतं, त्याचा विचार केला होता, पण मला तीन गोष्टी हव्या होत्या ज्या त्यात नव्हत्या. दिवस सकाळी साडेआठला बदलायला हवा, बेरीज नक्षत्राप्रमाणे हवी (हे बाबांसाठी, सांगतो पुढे), आणि नेट गेलं लाईट गेली तरी आकडा हरवता कामा नये.

साडेआठचं आधी सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. म्हणजे आज सकाळी जो आकडा नोंदला जातो त्यातला बहुतेक पाऊस कालचा असतो. तुमचं यंत्र रात्री बाराला शून्य होत असेल तर तुमची आणि खात्याची गाठ कधीच पडणार नाही, आणि लोक उगाच सेन्सरला शिव्या घालत बसतात.

सामान गोळा करणं ही मजेची गोष्ट होती. कॅपॅसिटर, रेझिस्टर, कनेक्टर, वॉटरप्रूफ डबे वगैरे किरकोळ माल पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतला, तिथे एका दुकानात गेलो की पाच दुकानं फिरून येतो हे आलंच. सेन्सर ऑनलाईन मागवले. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब तिन्ही मोजणारा बॉशचा बीएमई२८० मागवला तर हातात आला बीएमपी२८०, ज्यात आर्द्रता नसतेच. मॉड्यूल दिसायला जवळपास सारखं, पाकिटावर नावही बीएमईचंच. ओळखायची सोपी युक्ती आहे, सेन्सरच्या तयार कोडमधून (लायब्ररीतून) चिपचा आयडी वाचायचा, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत, ६० आला तर बीएमई आणि ५८ आला तर बीएमपी. विक्रेत्याने बदलून दिला, पण तेव्हापासून मी आयडी वाचल्याशिवाय काहीही सोल्डर करत नाही.

आर्द्रता तपासायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ घ्यायचं, त्यात अगदी थोडं पाणी घालून ओला लगदा करायचा, मीठ विरघळून जाता कामा नये, आणि सेन्सर त्याला न टेकवता वर लटकवून डबा घट्ट बंद करायचा. रात्रभरात आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा मिठाचा गुणच आहे. माझा सेन्सर ७८ दाखवत होता, तीन वजा केले, संपलं. तसाही आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ९८-९९ वरून हलत नाही, त्यामुळे या आकड्यावर मी फार जीव टाकला नाही.

तापमानाचा प्रकार मात्र वेगळा. सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतःचं तापमान सांगतो. त्याच्यावर ऊन पडलं की तो तापतो, शेजारी वायफायवाला बोर्ड असला की तापतो, आणि आमच्याकडची खास भानगड म्हणजे चिऱ्याची भिंत. ती दिवसभर तापते आणि रात्री नऊ-दहापर्यंत गरम असते, भिंतीला लावलेला सेन्सर तोपर्यंत आपला उकाडाच दाखवत बसतो. म्हणून वेधशाळेत ती झडपांची पांढरी लाकडी पेटी असते. थॉमस स्टीव्हन्सन म्हणून स्कॉटलंडचे इंजिनिअर होते, दीपगृहं बांधायचे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात ती काढली, म्हणून तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. सुतार लावून तशी पेटी करणं माझ्या बजेटबाहेर, म्हणून कुंडीखाली ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या ताटल्या आणल्या, वरच्या दोन अख्ख्या ठेवल्या, खालच्यांना मधोमध मोठं भोक पाडलं, स्टीलचे आटेवाले रॉड आणि नट लावून बोटभर अंतराने एकावर एक उपड्या चढवल्या. आत सेन्सर लटकतो, हवा खेळते, ऊन आणि पाऊस आत येत नाही. खांबावर साधारण दीड मीटरवर बसवलंय, खाली हिरवळ, भिंतीपासून लांब. बोर्ड वेगळ्या डब्यात, आणि सेन्सर मिनिटातून एकदाच जागा होऊन वाचन घेतो आणि झोपतो म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने तापत नाही. सेन्सरची वायर मात्र लांब ओढू नका, आयटूसी हा प्रकार मुळात बोर्डावरच्या चिपांनी आपापसात बोलण्यासाठी आहे, हातभर वायर ठीक, पाच मीटरवर तो काय वाटेल ते दाखवतो.

आता नरसाळं.

पाऊस मोजायला मी टिपिंग बकेट घेतली. वायरलेस केंद्रांचा सुटा भाग म्हणून ती स्वस्तात मिळते. वर आयताकृती नरसाळं, त्याखाली दोन कप्प्यांचं सीसॉ, एक कप्पा भरला की ते कलंडतं, पाणी खाली सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. कलंडताना त्यावरचं मॅग्नेट रीड स्विचसमोरून, म्हणजे मॅग्नेट जवळ आलं की जुळणाऱ्या स्विचसमोरून, जातं आणि बोर्डाला एक पल्स मिळते. यात इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच, एक स्विच आहे फक्त. माझ्या नरसाळ्याचं तोंड ११ बाय ५, म्हणजे ५५ चौरस सेंटिमीटर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ५.५ मिलिलिटर पाणी. कंपनी म्हणते एक टिप, म्हणजे एकदा कलंडणं, ०.२७९४ मिमीची, म्हणजे दीड मिलिलिटरला जरा वर. कागदावर सगळं छान.

प्रत्यक्षात तपासायचं तर पाणी अगदी हळू आणि मोजून सोडायला हवं, आणि यासाठी मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट हे माझ्या मते या अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात कामाचं हत्यार आहे. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. बाटली खुंटीला उलटी टांगली, चाक फिरवून थेंब बारीक केले आणि मोजत बसलो, तीस-एकतीस थेंबांना एक टक्. कधी अठ्ठावीसला, कधी चौतीसला. आई येऊन बघून गेली, "कोणाला लावलीस सलाईन?" म्हणाली. दोन्ही कप्पे सारखे भरत नव्हते हे त्यावरून कळलं, एका बाजूचा स्क्रू जरा वर घ्यावा लागला. मग गवंड्याची पाणसळ घेऊन बूड सपाट केलं, कारण बूड एका बाजूला झुकलेलं असेल तर एक कप्पा लवकर कलंडतो आणि दुसरा उशिरा, आणि सगळाच हिशेब बिघडतो.

पुढची परीक्षा अशी की ५५० मिलिलिटर पाणी, म्हणजे बरोब्बर १०० मिमी पाऊस, ओतून बघायचा. ३५८ टिप्स यायला हव्यात. हळू सोडलं तर आकडा जवळपास तेवढा येतो, पण धार वाढवली की ३४० च्या आसपासच पाणी संपतं. कारण सोपं आहे, कप्पा कलंडत असतानाही वरून पाणी पडतच असतं, ते पाणी भरलेल्या कप्प्यात जातं आणि न मोजता वाहून जातं. इतर ठिकाणी याने फार बिघडत नाही, पण कोकणात जुलैमध्ये आभाळ फाटतं तेव्हाच नेमका यंत्राचा आकडा कमी यायला लागला तर काय उपयोग! म्हणून दोन टिप्समधलं अंतर कोडमध्ये मोजायला लावलं. दहा सेकंदाला एक टिप म्हणजे ताशी १०० मिमीचा वेग. अंतर जसं कमी होत जातं तसं प्रत्येक टिपचं माप थोडं वाढवत जायचं, किती वाढवायचं ते सलाईनच्या बाटलीवर आणि नंतर तांब्याने धार धरून काढलेल्या आकड्यांवरून ठरवलं. प्रत्येकाच्या नरसाळ्याचं हे गणित वेगळं निघणार, माझे आकडे कॉपी करून काही फायदा नाही.

आणि तरीही विश्वास नको म्हणून टिपिंग बकेटमधून सांडणारं पाणी नळीने खाली ५ लिटरच्या कॅनमध्ये घेतलं. बाबा रोज सकाळी साडेआठला कॅन मापाच्या भांड्यात ओततात, मिलिलिटरला ५.५ ने भागायचं, आला पाऊस. यात ना बॅटरी ना कोड. यंत्राचा आणि कॅनचा आकडा जुळला की बरं वाटतं, नाही जुळला की कॅन खरा धरायचा. ५ लिटरच्या कॅनमध्ये ९०० मिमी मावतो, त्यामुळे भरून वाहण्याची भीती नाही, हां, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी झाला होता तसा झाला तर कॅनही पुरणार नाही, पण मग मोजायचं कोणाला सुचणार आहे.

नरसाळं ठेवायचं कुठे यावर घरात बरीच चर्चा झाली. खळ्यात ठेवलं असतं तर सोयीचं होतं, पण तिथे चारही बाजूंनी माड आणि पोफळी. नियम असा की आडोशाची जेवढी उंची त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवावं, १५ मीटरचा माड असेल तर ३० मीटर. शेवटी घरामागच्या वरकस जमिनीत मोकळी जागा निवडली, कडा जमिनीपासून ३० सेंटिमीटर, खात्याच्या पर्जन्यमापकाला असते तेवढी, भोवती गवत राहू दिलं म्हणजे लाल चिखल उडून आत येत नाही, आणि गुरं शिंगं लावतील म्हणून कुंपण. कॅन बसायला खाली खड्डा काढून चिरे लावले. तिथून घरापर्यंत दोन तारांची केबल पाईपातून आणली. रीड स्विचला लांब केबल चालते, पण वळवाच्या पावसात वीज कडाडली की पाऊस नसतानाही टिप्स वाढायच्या, लांब तार म्हणजे अँटेनाच झाली ना ती. टोकाला रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडाने पलीकडे देणारा भाग, तारेचा आणि बोर्डाचा थेट संबंध राहत नाही) लावला, शिवाय अर्ध्या सेकंदाच्या आत आलेली दुसरी टिप धरायचीच नाही असं कोडमध्ये टाकलं, कारण तेवढ्या वेगाने टिप्स यायच्या तर पाऊस ताशी २००० मिमीच्या वेगाने पडायला हवा, तो काही पृथ्वीवरचा पाऊस नव्हे.

किडे हा विषय इंग्रजी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. कोळी नरसाळ्याच्या भोकावर जाळं विणतो, मुंग्या कप्प्याखाली माती आणून टाकतात, आणि कुंभारीण माशीला तर कुठलीही नळी दिसली की चिखलाने लिंपायचीच असते. मच्छरदाणीची जाळी कापून प्रत्येक भोकावर लावली. बोर्डाच्या डब्यात पाल शिरून पिनांवर बसायची, तिथे केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळणारं बूच) आणि सिलिकॉन. सोल्डर केलेल्या जागांवर नेलपॉलिशचे दोन हात दिले, खारट दमट हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

सोलरचं म्हणाल तर नाद सोडा. जूनच्या शेवटापासून आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, त्या पॅनलकडून काय चार्ज होणार? घरातल्या लाईटवरच चालवलंय, सोबत १८६५० या रिचार्ज होणाऱ्या सेलचं छोटं यूपीएस मॉड्यूल, लाईट गेली की ते सांभाळतं. पण आमच्याकडे लाईट गेली की कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही, मग सेलही संपतो. त्यासाठी डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल घेतलं, त्यावर वेळ सांभाळणारी चिप असतेच, शिवाय एक छोटी ईईप्रॉमही, म्हणजे लाईट गेली तरी लिहिलेलं न विसरणारी मेमरी, असते जिच्याकडे बहुतेक लोक बघतही नाहीत. पावसाची बेरीज दर तासाला तिथे लिहून ठेवतो, बोर्ड बंद पडून परत चालू झाला तरी आधीचा आकडा तिथून उचलतो. मधल्या काळातला पाऊस कॅन सांगतो. नेट असलं की सगळं गुगल शीटमध्ये जातं, नसलं तर बोर्डावरच साठतं आणि घरच्या वायफायवर बाबांच्या फोनमध्ये पान उघडतं.

दाबाकडून मला काहीच अपेक्षा नव्हती, सेन्सरमध्ये फुकट आला म्हणून आलेख काढला. तर त्यात रोज दोन लाटा! सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त, दुपारी चारला सगळ्यात कमी, परत रात्री दहाला वर आणि पहाटे चारला खाली. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. आधी वाटलं सेन्सर उन्हाने तापून खोटं बोलतोय, पण मग रात्री दहाला का चढेल? ही वातावरणाची भरती-ओहोटी आहे, सूर्याच्या उष्णतेमुळे होणारी, आणि आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात ती अशी स्पष्ट दिसते. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन किनाऱ्याकडे सरकला की या लाटा तशाच राहतात पण अख्खा आलेख खाली बसत जातो. खात्याच्या आकड्याशी ताडायचं तर समुद्रसपाटीचा दाब काढावा लागतो, आमचं घर साधारण १२० मीटर उंचीवर, म्हणजे १३-१४ हेक्टोपास्कल मिळवायचे. वाऱ्याचं यंत्र मी लावलंच नाही. वारा १० मीटर उंचीवर आणि मोकळ्यावर मोजतात, आमच्याकडे १० मीटरवर माडाच्या झावळ्या आहेत.

आता नक्षत्रं. बाबांना मिलिमीटर दाखवले तेव्हा ते म्हणाले, "आकडे ठेव तुझ्याकडे, आर्द्रात किती लागला ते सांग." त्यांचा पावसाळा मृगाने सुरू होतो, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, असं करत हस्ताच्या हत्तीपर्यंत. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुढे दर तेरा-चौदा दिवसांनी एक. पंचांगातून तारखा दरवर्षी एकदा टाकतो, बाकी बेरीज यंत्र करतं. पडवीत लाल एलईडीची मॅट्रिक्स पट्टी लावलीय, आठ ठिपके उंच आणि बत्तीस रुंद, तिच्यावर आळीपाळीने आजचा आणि चालू नक्षत्राचा पाऊस येतो, देवनागरी आकड्यांत. तयार फाँट मिळेना म्हणून चौकटीच्या वहीत ठिपके भरून मीच आकडे काढले, १ आणि ९ लांबून सारखेच दिसायचे, ९ चं पोट जरा मोठं केल्यावर बाबांना चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं.

हे केल्यापासून बाबांचा यंत्रातला रस वाढला. साडेआठला कॅन ओतायचा, वहीत लिहायचं, मला फोन करून दोन्ही आकडे सांगायचे. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला की खात्याच्या भाषेत मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, हेही त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय, आणि आपण ज्याला नुसती रिपरिप म्हणत होतो तो चक्क मुसळधार निघाला याचं त्यांना फार नवल वाटलं. यंदा त्यांचं लक्ष उत्तरा नक्षत्रावर आहे, पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा असं म्हणतात ना, तेव्हा भात पोटरीत असतो आणि त्या पावसावर दाणा भरतो, त्यामुळे उत्तरांचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा किती कमी-जास्त हे पट्टीवरच दाखव म्हणालेत. पट्टीवर तेवढी जागा नाही, दुसरी पट्टी जोडावी लागेल.

शेजारच्या काकांनाही पाऊस मोजायचाय. त्यांना मी सांगितलं, काका, यातलं काही नको, सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा मोकळ्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठला आत मोजपट्टी बुडवा, जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. डबा त्यांनी फणसाखाली ठेवलाय, म्हणतात तिथे सावली बरी असते.